‘धुळे’ शोधले, ‘धुळ्यात’ हुकले
(मजकुरातील पॅटर्न-शोधाची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकेची प्रस्तावना)

धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. सुरत-नागपूर महामार्गाच्या या पट्ट्याला लोक अजूनही सहा नंबरचा हायवे म्हणतात. इथे समोरून येणाऱ्या गाडीची पाटी पाहून ती कुठली हे सांगणे कुणालाही जमते. एमएच १८ म्हणजे धुळे, एमएच १९ म्हणजे जळगाव, एमएच ३९ म्हणजे नंदुरबार. पुढची अक्षरे आणि शेवटचे चार आकडे बहुतेकांना दिसतही नाहीत. डोळा पाटीतला कामाचा तेवढा भाग उचलतो आणि बाकीचा सोडून देतो.

लाखभर नोंदींच्या फाइलमधून धुळे-जळगावच्या गाड्या वेगळ्या काढायच्या असतील तर संगणकाला हीच नजर शिकवावी लागते. ‘एमएच १८’ शोधा, मग ‘एमएच १९’ शोधा, असे दोनदा सांगता येईल. एकदाच सांगायचे असेल तर लिहायचे: एमएच १[८९]. चौकटी कंसाचा अर्थ एवढाच की आत दिलेल्यांपैकी कोणतेही एक चिन्ह या जागी चालेल. नंदुरबारही हवे असेल तर एमएच (१[८९]|३९). उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. हा झाला पॅटर्न. अशा पॅटर्नना शास्त्रात रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात आणि प्रोग्रामर मंडळी लाडाने रेजेक्स.

चिन्हे मोजकीच आहेत. प्रश्नचिन्ह सांगते की आधीचे चिन्ह असले तरी चालेल, नसले तरी चालेल. तारा सांगतो, कितीही वेळा येवो, एकदाही न येवो. अधिक चिन्ह सांगते, कितीही वेळा, पण किमान एकदा. टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. घराच्या छपरासारखे दिसणारे ^ ओळीच्या सुरुवातीला खिळते, डॉलरचे $ शेवटाला. आणखी पाच-सात खुणा धरल्या की भांडवल संपले. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, पर्ल, पीएचपी, कोणतीही भाषा घ्या, थोड्याफार फरकाने हीच चिन्हे चालतात. एकदा शिकलेले असे सगळीकडे उपयोगी पडणारे संगणकशास्त्रात फार थोडे आहे.

या कल्पनेचा जन्म मात्र संगणकाच्या खोलीत झाला नाही. मेंदूतल्या पेशींचे जाळे कसे चालते याचे एक गणिती चित्र मॅककुलॉक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले होते. अशा जाळ्याला कोणकोणत्या घटनांची मालिका ओळखता येईल, हा प्रश्न स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास हाती घेतला. त्याच्या उत्तरातून ही पद्धत निघाली, आणि ताऱ्याच्या चिन्हाला आजही ‘क्लीनीचा तारा’ म्हणतात. पुढे १९६८ मध्ये केन थॉम्प्सनने हे गणित मजकूर शोधण्याच्या कामाला जुंपले. युनिक्सवरचा ग्रेप हा प्रोग्राम १९७३ चा. ‘ग्लोबल, रेग्युलर एक्स्प्रेशन, प्रिंट’ अशी एक आज्ञा जुन्या एडिटरमध्ये होती, तिच्या आद्याक्षरांतून त्याचे नाव पडले. १९८७ मध्ये पर्ल आली आणि रेजेक्स हे प्रयोगशाळेतले हत्यार न राहता रोजच्या वापरातले झाले. या सर्व प्रवासात समोरचा मजकूर इंग्रजी होता, हे लक्षात ठेवायचे. पुढच्या अडचणींचे मूळ तिथे आहे.

खानदेशातल्या वाचकाला हे सारे कशासाठी, असे कुणी विचारील. इंग्रजीत काम करणाऱ्याचे साध्या शोधावर बरेच भागते. गावाचे नाव ‘इन’च्या पुढे आले काय किंवा ‘फ्रॉम’च्या पुढे आले काय, ते बदलत नाही. मराठीत ते बदलते. एखाद्या दैनिकाच्या वर्षभराच्या बातम्यांत ‘धुळे’ हा शब्द शोधा. धुळ्यात, धुळ्याचा, धुळ्याहून, धुळ्याला, धुळ्यापासून यांपैकी एकही सापडणार नाही, कारण सामान्यरूप होताना शेवटचा एकार गेला आणि त्याच्या जागी ‘्या’ आला. गावात घडलेली बातमी बहुधा ‘धुळ्यात’ घडलेली असते. म्हणजे जे हवे तेच हातून सुटले. पारोळा, चोपडा, शिंदखेडा यांचे असेच. जळगाव, भुसावळ, अमळनेर ही अकारान्त नावे त्या मानाने सरळ. तिथे प्रत्यय मागे चिकटतो, पण मूळ अंग शाबूत राहते. साक्री तर अगदीच सुखाची.

धुळ्यासाठी पॅटर्न लिहायचा: धुळ(े|्य). ‘धुळ’पुढे एकाराची मात्रा तरी हवी, नाहीतर हलन्त आणि ‘य’. यात धुळे सापडते, धुळ्यात सापडते, आणि धुळवड आपोआप बाहेर राहते. धुळीचे लोट उठल्याची बातमीही अडकत नाही. मराठी विभक्तीचे नियम ज्याला शाळेत रटाळ वाटले असतील त्याला इथे पहिल्यांदा त्यांचा उपयोग दिसेल. चांगला पॅटर्न लिहायला आधी व्याकरण नीट यावे लागते, संगणक नंतर. माझ्या मते मराठीत प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या टेबलावर मोरो केशव दामले यांचे व्याकरण असायला हवे. ते तिथे फारसे दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता आपल्या प्रदेशाचेच नाव घ्या. कुणी खानदेश लिहितो, कुणी खान्देश, कुणी खांदेश. तिन्ही रूपे छापील पुस्तकांत आहेत आणि त्यांवरचे वाद जुने आहेत; शोधणाऱ्याला वाद मिटवायचा नसतो, तिन्ही रूपे गोळा करायची असतात. खा(न्?|ं)देश. यातली गंमत प्रश्नचिन्हात आहे. ते ‘न्’ या संपूर्ण अक्षरामागे दिसते, पण संगणकाच्या लेखी ‘न’ आणि हलन्त ही दोन वेगळी चिन्हे आहेत, आणि प्रश्नचिन्ह फक्त हलन्ताला लागू होते. म्हणून ‘न’ हवाच, हलन्त असो वा नसो. नाहीतर त्या जागी अनुस्वार. जुन्या पुस्तकांसाठी हीच युक्ती उपयोगी पडते. १९६२ साली नवे लेखननियम येईपर्यंत अनुच्चारित अनुस्वार लिहायची रीत होती, त्यामुळे तेव्हाच्या छपाईत जळगांव, चाळीसगांव अशी रूपे सर्रास दिसतात. गां?व असे लिहिले की दोन्ही काळांतली गावे एका जाळ्यात येतात.

इथवर गोष्ट भाषेची झाली. यापुढे अक्षरांच्या खाली काय दडले आहे ते पाहावे लागते, आणि या पुस्तिकेचा मोठा भाग त्यासाठीच खर्च झाला आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिलेला आहे. प्रत्येक व्यंजन, प्रत्येक स्वर, प्रत्येक मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक. ‘धुळे’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो. संगणकाला तो चार चिन्हांचा दिसतो: ध, उकार, ळ, मात्रा. ‘चाळीसगाव’ आठ चिन्हांचे. म्हणून रेजेक्समधले टिंब ‘कोणतेही एक अक्षर’ पकडते असे जे इंग्रजी पुस्तकात लिहिलेले असते ते मराठीला लागू नाही. टिंब एक चिन्ह पकडते, आणि ते चिन्ह नुसता उकारही असू शकतो. वर्णक्रमातही एक खुबी आहे. आपल्या मुळाक्षरांत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, युनिकोडने त्याला ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे बसवले आहे. त्यामुळे सगळी व्यंजने पकडायला [क-ह] एवढे लिहिले तरी ‘ळ’ त्यात येतो. आपली सोय झाली. ती कुणी मराठीचा विचार करून केली असेल असे मात्र वाटत नाही.

पाचोऱ्याची गोष्ट याहून अवघड. ‘पाचोरा’ला ‘त’ लागला की ‘पाचोऱ्यात’ होते, आणि मधल्या त्या ‘ऱ्या’चे लेखन संगणकात दोन प्रकारे होऊ शकते. एक प्रकार असा: अर्ध्या ‘र’साठी ०९३१ क्रमांकाचे वेगळे ‘ऱ’ आहे, ते घ्यायचे आणि त्याला हलन्त लावायचा. दुसरा प्रकार: नेहमीचा ‘र’, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. कागदावर छापली तरी सारखीच. पण एका कीबोर्डवर टाइप केलेले पाचोऱ्यात दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलेल्या पाचोऱ्यात शोधून सापडत नाही, आणि माणूस तासभर पडद्याकडे बघत राहतो की समोर दिसणारा शब्द यंत्राला का दिसत नाही. वाऱ्यांच्या, शेतकऱ्यांच्या, कर्मचाऱ्यांच्या सगळ्या मराठी मजकुरात ही खोड आहे. उपाय दोन: पॅटर्नमध्ये दोन्ही रूपे द्या, किंवा शोधाला हात घालण्यापूर्वी सगळा मजकूर एकाच रूपात आणून ठेवा. दुसरा उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच बरा.

हत्यारांचे दोषही सांगितले पाहिजेत. रेजेक्समध्ये शब्दातले कोणतेही अक्षर पकडायला ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ अशी खूण असते. जावास्क्रिप्टमध्ये ती रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेघ एवढ्यांनाच ओळखते, म्हणजे मराठी मजकूर तिच्या लेखी नाहीच. पायथनची खूण युनिकोड जाणते असे म्हणतात, आणि जाणतेही. पण तिला व्यंजने अक्षरे वाटतात, काना-मात्रा अक्षरे वाटत नाहीत. त्यामुळे पायथनच्या नेहमीच्या मॉड्यूलला शब्द वेगळे करायला सांगितले तर ते ‘जळगाव’चे दोन तुकडे करते, ‘जळग’ आणि ‘व’. ‘धुळे’चे ‘ध’ आणि ‘ळ’. ‘अमळनेर’चे ‘अमळन’ आणि ‘र’. दोन जिल्ह्यांची नावे उच्चारण्याआधीच त्यांची फाळणी. शब्दाची सीमा दाखवणारी ‘बॅकस्लॅश बी’ ही खूण याच समजुतीवर उभी असल्याने तीही कोलमडते: मात्रेवर संपणाऱ्या शब्दाच्या मागे मोकळी जागा असली तर तिला तिथे सीमाच दिसत नाही. पर्लमध्ये हा घोळ नाही. पायथनमध्येही ‘रेजेक्स’ याच नावाचे एक वेगळे मॉड्यूल मिळते, ते काना-मात्रा नीट धरते आणि एक संपूर्ण अक्षर पकडायची खूणही देते. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून ‘अक्षर’ आणि ‘अक्षराला चिकटणारे चिन्ह’ अशा युनिकोडच्या गुणधर्मांवर शोधता येते. नवशिक्याने यातले काही पाठ करू नये. फक्त मराठी मजकुरावर या दोन खुणांवर विश्वास ठेवायचा नाही, एवढे गाठीला बांधावे.

आकड्यांचेही तसेच. ‘बॅकस्लॅश डी’ ही आकड्याची खूण. पायथनमध्ये ती १, २, ३ हे देवनागरी आकडेही धरते, जावास्क्रिप्टमध्ये धरत नाही. एखाद्या अर्जात शेतकऱ्याने गट नंबर देवनागरीत लिहिला तर ब्राउझरमधला जावास्क्रिप्ट ‘आकडा चुकीचा’ म्हणून अर्ज परत करतो, आणि सर्व्हरवरच्या पायथनने तोच आकडा बिनतक्रार घेतला असता. चूक शेतकऱ्याची नाही. पॅटर्न लिहिणाऱ्याने [०-९] लिहायचे कष्ट घेतले नाहीत. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांचे म्हणाल तर इंग्रजी पुस्तकातला पॅटर्न तीन-तीन आकड्यांचे गट मागतो. आपल्याकडे शेवटचे तीन आणि त्याआधी दोन-दोन. १,२५,००० ही रक्कम तो पॅटर्न नाकारतो.

पत्त्यांचे एक उदाहरण देऊन हा विषय सोडतो, कारण त्यात नवशिक्यांचे दोन्ही नेहमीचे खड्डे आहेत. ‘मु. पो. पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे’ असा मजकूर आहे आणि तालुका काढायचा आहे. पॅटर्नमध्ये नुसते ‘ता.’ लिहिले तर टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह, म्हणून ‘ताई’ही सापडते आणि ‘तार’ही. टिंब हे टिंबच समजायचे असेल तर आधी उलटी तिरकी रेघ हवी. दुसरा खड्डा हावरेपणाचा. ‘मु’पासून स्वल्पविरामापर्यंतचे सगळे उचल, असे टिंब-ताऱ्याने सांगितले तर तो पहिल्या स्वल्पविरामाशी थांबत नाही, शेवटच्यापर्यंत जातो आणि गावाबरोबर तालुकाही घेऊन येतो. त्याऐवजी [^,]+ असे लिहावे, म्हणजे ‘स्वल्पविराम सोडून काहीही’. एवढ्याने गाव सुटे मिळते.

आता धुळ्याकडे वळतो, कारण या पुस्तिकेचे खरे प्रयोजन तिथे आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणारा हा माणूस गावोगाव फिरून दप्तरे गोळा करत होता. त्याचबरोबर मराठीतले धातू, आडनावे, गावांची नावे जमवून त्यांच्या रूपांत सूत्र शोधत होता. त्यांच्यामागे १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, आणि त्यांचा धातुकोश याच मंडळाने प्रकाशित केला. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेले समर्थ संप्रदायाचे हस्तलिखितांचे भांडार समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. जिल्ह्याच्या गावात असे दोन संग्रह असणे ही साधी गोष्ट नाही.

अशा दप्तरांतला मोडी कागद देवनागरीत उतरवून संगणकावर घेतला की शोधणाऱ्याची कसोटी लागते. मोडीत वेलांटी ह्रस्व की दीर्घ, उकार पहिला की दुसरा, हा भेद सहसा पाळलेला नसतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. लिप्यंतर करणारा आपल्या समजुतीने शब्द तोडतो, आणि दोन माणसे दोन ठिकाणी तोडतात. म्हणून पॅटर्नमध्ये वेलांटीच्या जागी [िी], उकाराच्या जागी [ुू], आणि शंकेच्या जागी ‘मोकळी जागा असो वा नसो’ असे लिहावे लागते. हे एकदा जमले की पुढची गोष्ट फार रंजक आहे.

पेशवाईतल्या पत्रांवर सुहूर सनाचे वर्ष अरबी संख्यानामांत लिहिलेले असते. आधी एकक, मग दशक, मग शंभर, मग हजार. एककासाठी इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दशकासाठी अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन आणि पुढचे. शंभराला मया, हजाराला अलफ. ‘तिसा खमसैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५९. त्यात ५९९ मिळवले की इसवी १७५८ आले, आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने ते १७५८-५९ असे धरायचे. चार कप्प्यांचा एक पॅटर्न लिहिला आणि प्रत्येक कप्प्यात उभ्या रेघेने पर्याय दिले, की हजारो पत्रांतली वर्षे यंत्र उचलून देते, आणि प्रत्येक कप्प्याला कंस घातला असेल तर चारही भाग सुटे करून बेरजेसाठी हातात ठेवते. लेखनात ‘अर्बा’ आणि ‘आर्बा’, ‘सीत’ आणि ‘सित’ असे पाठभेद असतात. ते [अआ]र्बा आणि स[िी]त मध्ये मावतात.

इथे एक सापळा आहे आणि तो मला फार आवडतो, कारण तो अस्सल या कागदांचा आहे. सुहूर १२०० पासून ‘मया’च्या जागी ‘मयातैन’ येते, म्हणजे दोनशे. शोधणाऱ्याने मया|मयातैन असे लिहिले, तर आजची बहुतेक इंजिने डावीकडचा पर्याय आधी घेतात. पुढे काही अट नसेल तर ती ‘मयातैन’मधल्या ‘मया’वरच समाधान मानून थांबतात, आणि पत्र शंभर वर्षे मागे जाते. पानिपताच्या आधीचे की दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले, हा फरक एका पर्यायाच्या क्रमाने पडतो. लांब पर्याय आधी लिहायचा, आखूड नंतर. खमसैन आणि खमस, सलासीन आणि सलास यांनाही हाच नियम.

जळगावकडचा मजकूर वेगळी परीक्षा घेतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, आणि जळगावचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाचे आहे. त्यांच्या लेवा बोलीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: डोळा हा डोया, काळा हा काया. ‘मला’चे ‘मले’ होते, ‘पाणी’चे ‘पानी’. प्रमाण रूप शोधणाऱ्याला बोलीतला मजकूर सापडत नाही आणि उलटही नाही. डो[ळय]ा, पा[णन]ी, मल[ाे] असे पॅटर्न लिहिले की दोन्ही एका जागी येतात. फक्त शेवटचा पॅटर्न शब्दसीमेशिवाय लिहिला तर ‘कमला’तही ‘मला’ सापडतो, एवढे भान हवे.

अहिराणीत चालणारा शोध याहून नाजूक. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या शीर्षकाखाली अठरा लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे आणि त्यांत अहिराणी बोलणारे सर्वांत जास्त. तरीही संगणकावर नीट शोधता येईल असा अहिराणी मजकूर फार तुटपुंजा. समजा, मिश्र मजकुरातून अहिराणी वाक्ये वेगळी करायची आहेत. ‘आहे’च्या जागी येणारा ‘शे’ ही पहिली खूण वाटते. पण नुसता ‘शे’ शोधला की दोनशे, पाचशे, शेत, शेवट सगळे धावत येतात. ‘शे’ स्वतंत्र शब्द म्हणून हवा, आणि स्वतंत्र शब्दाची सीमा पायथनला मात्रेपाशी दिसत नाही हे वर सांगितलेच. षष्ठीचा ‘ना’ ही दुसरी खूण, पण मराठीत ‘ना’वर संपणारे शब्द रांगेने उभे आहेत. एकट्या खुणेने निकाल लागत नाही. दोन-तीन खुणा एकाच वाक्यात आल्या तर ते वाक्य बाजूला काढायचे आणि माणसाने वाचायचे. यंत्राकडून याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नये.

खानदेशातल्या बऱ्याच स्थानिक पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकलेला आहे. त्या फाँटांत अक्षरे जशी डोळ्यांना दिसतात तशी क्रमाने टाइप होत: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो. रूपांतर करताना वेलांटी उचलून पुढच्या संपूर्ण जोडाक्षरामागे नेऊन ठेवावी लागते, आणि ‘स्थिती’सारख्या शब्दात ती ‘स्’ आणि ‘थ’ दोघांना ओलांडून जायला हवी. ि(([क-ह]्)*[क-ह]) असा पॅटर्न लिहून वेलांटीपुढचे सगळे जोडाक्षर एका कंसात पकडायचे आणि बदलताना आधी तो कंस, मग वेलांटी, असा क्रम द्यायचा. एका ओळीच्या या आज्ञेने शेकडो पानांचा मजकूर सरळ होतो. रफाराचा प्रवास उलट्या दिशेने. तो तिसऱ्या प्रकरणात आहे.

वेगाबद्दल एक इशारा. थॉम्प्सनच्या १९६८ च्या पद्धतीत यंत्र सगळ्या शक्यता बरोबर घेऊन मजकुरातून एकदाच पुढे सरकते. पुढे पर्लच्या वळणाची जी इंजिने आली, त्यांत जास्तीच्या सोयी आहेत पण चाल वेगळी आहे: अनोळखी पेठेत घर शोधणारा जसा एका बोळात शेवटपर्यंत जातो आणि घर नाही म्हटल्यावर तोंडाशी परत येऊन दुसरा बोळ धरतो, तसे ती करतात. (अ+)+ब असा पॅटर्न आणि समोर नुसते तीस ‘अ’ असतील, तर त्या तीसांचे गट पाडण्याचे ५३ कोटींहून जास्त मार्ग आहेत, आणि साधे इंजिन ते सगळे चालून पाहू शकते. ‘अ’ एकाने वाढला की मार्ग दुप्पट. हे फक्त वर्गातले कोडे नाही. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले, कारण एका मजकुरात सलग वीस हजार मोकळ्या जागा होत्या आणि टोकाची मोकळी जागा छाटणारा एक साधा पॅटर्न त्यांत अडकला. ताऱ्यावर तारा, अधिकावर अधिक, असे कधी लिहू नये. बाहेरच्या लोकांनी दिलेला मजकूर तपासायचा असेल तर थॉम्प्सनच्या मार्गाने जाणारे आरई-टूसारखे इंजिन वापरावे.

पॅटर्नला आकार कळतो, अर्थ कळत नाही. ‘नेर’वर संपणारी गावे मागितली तर अमळनेर, जामनेर, पिंपळनेर यांच्याबरोबर संगमनेर, पारनेर आणि बिकानेरही येईल. ‘जळगाव’ मागितले तर बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद येईल. ते वगळायला ‘पुढे जामोद नसेल तरच’ अशी अट लिहिता येते, पण बातमीत नुसते जळगाव लिहून जामोदचीच गोष्ट सांगितली असेल तर कोणताही पॅटर्न हात टेकतो. कंसात कंस, त्यात पुन्हा कंस, अशी कितीही खोल रचना जुळते का हे मूळच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला तपासता येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. आणि एक आवडीनिवडीची गोष्ट: सगळे व्याकरण एका ओळीत कोंबणारा दीडशे चिन्हांचा पॅटर्न मला पसंत नाही. तो लिहिणाऱ्यालाच महिन्याने वाचता येत नाही. तीन छोटे पॅटर्न एकामागून एक चालवावेत, प्रत्येकावर मराठीत एक ओळ टीप लिहावी.

पुस्तिकेतले सराव इंग्रजीतले ईमेल आणि पासवर्ड तपासण्याचे नाहीत. तसले हजारो ठिकाणी मिळतात. इथे तुमच्या गावाचे नाव घ्यायचे आहे. कागदावर त्याची सगळी रूपे आधी लिहून काढा: जुने लेखन, नवे लेखन, प्रत्यय लागल्यावरचे रूप, आजी म्हणते ते बोलीतले रूप. मग एकच पॅटर्न लिहा, तो खऱ्या मजकुरावर चालवा, आणि काय सुटले, काय उगाच आले, ते मोजा. ज्यांच्या घरी, छापखान्यात किंवा मंडळाच्या कपाटात अहिराणी किंवा लेवा बोलीतला जुन्या फाँटमधला मजकूर पडून असेल, त्यांनी तो तिसऱ्या प्रकरणातल्या पद्धतीने युनिकोडमध्ये आणावा आणि त्याची एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी. तो मजकूर आहे हे बाहेर कुणाला माहीत नाही, म्हणून आज तो कुणी शोधतही नाही.